शंकरअण्णांची सातवी जागा

शंकरअण्णांनी एकदा माझ्या नवऱ्याचा बनियन ट्रॉम्बोनवर अडकवून घेतला आणि तसाच अर्धा तास वाजवत राहिले.

राजाजीनगरच्या आमच्या वठारात, म्हणजे चाळीत, सहा बिऱ्हाडांना मिळून एकच व्हरांडा. अण्णांची खोली एवढीशी आणि ट्रॉम्बोन म्हणजे पितळेचं लांबलचक वाद्य. त्याची नळी पुढेमागे सरकवून सूर काढायचे. नळीच्या सात जागा. सहापर्यंत खोली पुरते. सातवीला नळी खिडकीतून बाहेर येते आणि माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत घुसते.

"अक्का, तुमची दोरी जॅझच्या आड येते," असं ते नेहमी सुनावायचे. मी पदर सावरून आत पळायची.

अण्णा जॅझचा इतिहासही लिहितात. इथल्या कुठल्या क्लबात कोण वाजवायचं, कोण पिऊन ड्रमवर पडलं, सगळ्याची नोंद. चौदा वह्या झाल्या. नोंद नाही ते घडलंच नाही, असं त्यांचं म्हणणं. भाजीवाल्यालाही त्यांनी विचारलं, तुझे आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे का? तो म्हणाला, "इल्ला अण्णा, कांदे विकायचे." अण्णांनी तेही लिहून घेतलं. स्वतः जेवलो की नाही, हे मात्र त्यांना आठवत नाही. त्यांची बायको, लीलावहिनी, होत्या तोवर आठवायची गरज नव्हती. त्या उगादीच्या आधी वारल्या.

परवा मी धीर करून दोरी सोडली आणि जिन्याजवळ बांधली. वाटलं, खूश होतील. चार वाजता नळी खिडकीतून मोकळी बाहेर आली आणि तिथेच थांबली. सूर संपला, दम संपला, तरी नळी आत जाईना.

मग अण्णाच बाहेर आले. "अक्का, दोरी परत इथंच बांधा."

"तुम्हीच तर..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"वाजवताना मला हाक ऐकू यायची नाही. कॉफी झाली की लीला नळीला ओलं फडकं अडकवायची." ते नळी पुसत राहिले. "अजूनही काही अडकलं की वाटतं, कॉफी झाली. चौदा वह्यांत याची नोंद नाही. काय लिहायचं?"

मी दोरी परत बांधली. दुसऱ्या दिवशी चारला नळी बाहेर आली, तेव्हा तिला ओलं फडकं अडकवलं, खिडकीत कॉफीचा लोटा ठेवला आणि घरात पळाले.

वाजवणं थांबलं. मग खिडकीतून आवाज आला.

"अक्का, साखर स्वल्प कमी आहे. नोंद केली."