वानखेडे सरांची हजेरी

आधी वानखेडे सरांचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. ते नसते तर मी आज नुसत्या पोळ्या लाटत असते. म्हणजे लाटतेच आहे, पण बी.ए. करता करता.

सर बुलढाण्याला मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर इतिहास शिकवतात आणि तास मोबाईलवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवतात. पण रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हजेरी घेणारा माणूस कुठं पाहिलाय? आमचे सर घेतात. नाव पुकारतात, कान देतात, मान डोलावतात, मग पुढचं नाव. प्रश्न विचारूनही तसंच थांबतात आणि म्हणतात, "शाबास! हात खाली घे आता."

मी जानेफळची. शाळा आठवीत सुटली. सरांनीच मागं लागून पात्रता परीक्षेला बसवलं. आता पुण्यात एका मेसमध्ये कामाला आहे; मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून तास ऐकते. एकदा पानिपतावर साफ चुकीचं उत्तर दिलं, तरी शाबासकी मिळाली. भाजी चिरणाऱ्या सुमनताई म्हणाल्या, "असे मास्तर मला मिळते तर मी कलेक्टर झाले असते!" तेवढ्यात सर कडाडले, "मागच्या बाकावर काऊन हासून राह्यले बे?" सुमनताईंनी चटकन पदर तोंडाला लावला.

पहिल्या चाचणीत मी नापास झाले. आपल्याला नाही झेपत, म्हणून तास बंद, गृहपाठ बंद.

मग एके दिवशी करमेना म्हणून सुमनताईंनीच नवा व्हिडिओ लावला. हजेरी सुरू झाली. माझं नाव आलं. "मीरा सोळंके." सर थांबले. मान काही डोलेना. गृहपाठ आला नाही म्हणजे पोरगी वर्गात नाही, असा त्यांचा हिशोब.

"जानेफळची येस्टी लेट असन," म्हणत ते मोबाईल घेऊनच उठले. तेव्हा वर्ग दिसला. सगळा रिकामा. बाकाबाकावर खडूनं लिहिलेली आमची नावं. सरांनी माझ्या बाकावरची धूळ रुमालानं पुसली, नाव तेवढं सोडून. "थांबू जरा. तिच्याबिगर कसं सुरू करावं?"

तव्यावरची पोळी करपली. सुमनताई ओरडल्या, "अगं, बोल की!"

"हजर, सर."

सर दाराकडं बघत होते. मग कुणी आत आल्यासारखे हसले. "ये व माय. बस."

पुढच्या परीक्षेची भीती अजून आहेच. पण सर, एक दिवस मी खरंच ती येस्टी धरून बुलढाण्याला येईन. तुमच्या वर्गातला एक बाक तरी भरून देईन.