नास्तिकाचं पंक्चर

देव मानणाऱ्याचं पंक्चर योहानकाका गायकवाड चहा संपायच्या आत काढून देत. न मानणाऱ्याला मात्र आधी जेवून घ्यावं लागे.

मुंबई-पुणे रस्त्यावर पनवेलच्या नाक्याला त्यांचं पत्र्याचं छप्पर होतं. पुढे घाट, मागे खाडी, आणि जवळपास दुसरा पंक्चरवाला नाही. गिऱ्हाइकाला पळून जायची सोयच नव्हती. गाडी जॅकवर चढली, चाक निघालं, की काका हात पुसत विचारायचे, "साहेब, देव आहे का?"

"आहे" म्हणणाऱ्याशी ते पुढे बोलतच नसत. पटलेल्या माणसाशी काय बोलायचं, असं त्यांचं म्हणणं. मुकाट्याने ठिगळ लावायचं आणि गाडी वाटेला लावायची. माहीतगार ड्रायव्हर तर ब्रेक मारण्याआधीच खिडकीतून ओरडत, "आहे, आहे! देव आहे!" पण एखादा शिकलेला माणूस "छे, आम्ही नाही मानत" म्हणाला, की काकांचा चेहरा उजळे. अर्ध्या कापलेल्या पिंपातल्या पाण्यात ते ट्यूब बुडवत.

"आता मला सांगा, ही हवा कधी डोळ्यांनी पाहिलीत? नाही ना? पण ती गेल्यावर कुठे येऊन बसलात? मुद्दा सोडू नका."

मुद्दा सोडून जायला साहेबांकडे चाक कुठे होतं? एकदा मुंबईचे एक प्रोफेसर असे अडकले. शेवटी त्यांची बायको गाडीतून कळवळून म्हणाली, "अहो, म्हणून टाका ना आहे म्हणून! पोरं उन्हात करपली." प्रोफेसर तत्त्वाला पक्के. काकांनी पोरांना सावलीत बसवून लिमलेटच्या गोळ्या दिल्या आणि वाद चालू ठेवला.

मी शेजारच्या पेट्रोल पंपावर पेट्रोल उपसायचा दांडा फिरवायला होतो. गाव लांब वऱ्हाडात, शाळा चौथीत सुटलेली. पनवेलला उतरलो तो तापाने फणफणलेला. ओळखपाळख नसताना काकांनी मला जुन्या टायरांच्या थप्पीवर निजवलं आणि पेज पाजली. डोळे उघडल्यावर आधी नाव विचारलं, आणि पुढचा प्रश्न तोच. "नाम्या, देव आहे का?"

मी भीत भीत म्हणालो, "आहेत की. आमच्या गावातच सात आहेत."

काका निराश होऊन पेज ढवळायला लागले. मला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, बाप्तिस्म्याचं तर नावही काढलं नाही. भाकरी मात्र त्या दिवसापासून दोघांची थापली. मी पुढे जो काही उभा राहिलो, तो त्या भाकरीवर.

महिन्यातून एकदा प्रार्थनेला पाळकसाहेब येत. त्यांनी एकदा विचारलं, "योहान, एवढे वाद घालता, किती जण प्रभूकडे आणलेत?"

"एकही नाही," काका म्हणाले. "पण सगळ्यांना पुण्यापर्यंत पोचवलं."

काकांचं खरं गिऱ्हाईक एकच, जवळच्या ओवे गावचा हिरू पाटील. तो गवताचा ट्रक चालवायचा, मोर्चे-सभांना जायचा आणि पंक्चर नसलं तरी थांबायचा.

"योहानशेट, देव नाय!" ट्रकातून उतरता उतरताच तो जाहीर करी.

"कशावरून?"

"औंदा भरतीनं बांध फोडला. भातात खारं पानी शिरलं. पोरं काय खातील? तुजा देव काय झोपला व्हता?"

"अन्याय झाला म्हणता ना? म्हणजे न्यायाचं माप कुठेतरी आहे. मापच नसेल, तर कमी भरलं हे कळलं कसं?"

"माप तहसीलदाराकडं हाय. शिक्का मारल्यालं."

"आणि तहसीलदाराच्या मापावर शिक्का कुणी मारला?"

"सरकारनं!"

"आणि सरकारच्या?"

असे दोघे सरकारच्याही वर चढत जात, आणि खाली उतरेपर्यंत माझ्या पंपावर गाड्यांची रांग लागे, कारण मीही दांडा धरून ऐकत उभा. हिरू फारच वाईट बोलला, की मी त्याच्या वतीने साती देवांची मनातल्या मनात माफी मागून टाकायचो.

एका सकाळी हिरूला घाई होती. काकांनी "पाटील, देव..." म्हणेपर्यंत तो ओरडला, "हाय बाबा, हाय! तुजा देव हाय. लाव चाक!"

चाक चहा संपायच्या आत लागलं. हिरूला हे फार सोयीचं वाटलं. पुढच्या खेपेला तो तेच म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही.

जिंकलेला माणूस असा दिसतो, हे मला माहीत नव्हतं. काकांची भाकरी करपू लागली. एक कोटवाले साहेब आपणहून "देव थोतांड आहे" म्हणाले, तर काकांनी नुसतं "बरं" म्हणून चाक लावून दिलं. मी घाबरलो. घाबरायला मला फारसं लागत नाही, पण हे खरंच काळजीचं होतं.

"काका, दुखतंय का काही?"

ते कानशीने ट्यूब घासू लागले. मग मार्थाकाकूंचं बोलले. काकू त्यांची बायको. मी पनवेलला यायच्या आधीच वारलेल्या.

"मार्था गेली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, प्रभूची इच्छा, प्रश्न करू नका. नाही केला. आमच्यात सगळे आमेन म्हणणारे. विचारणारा हिरू एकटा. तो बांध फुटल्याचं विचारायचा, मला मार्था ऐकू यायची. त्याला पटवता पटवता माझं मला पटायचं. आता कुणाला पटवू?"

सुट्टीच्या दिवशी मी सायकल मागून घेतली आणि ओवे गाठलं. साती देवांना नारळ कबूल करून घर सोडलेला मी, एका माणसाला "देव नाही म्हणा हो" अशी गळ घालायला निघालो होतो. वाटेतल्या देवळांवरून मान खाली घालून गेलो.

हिरू अंगणात विडी ओढत बसला होता. "येडा हायस काय रं?" तो म्हणाला. "नाय मानला त वाद, मानला त रडारड?"

"नाय म्हना ना त्याला!" आतून त्याची बायको म्हणाली. "घरात त सगल्याला नायच म्हनता."

मग मी त्याला मार्थाकाकूंचं सांगितलं. हिरूने विडी विझवली.

दुसऱ्या दिवशी ट्रक थांबला. हिरूने स्वतःच चाक उतरवलं आणि ट्यूब काकांपुढे टाकली. काकांनी ती फुगवून पिंपात फिरवली. एकही बुडबुडा नाही. पुन्हा फिरवली. ट्यूब धडधाकट होती. काकांनी मान वर करून हिरूकडे पाहिलं.

हिरू त्यांच्याशेजारी उकिडवा बसला. सभेतला आवाज आज त्याला काही केल्या लागेना. खाली बघत तो म्हणाला, "योहानशेट, देव नाय. असला, त तुजी मार्था गेली तवा कुटं व्हता?"

मी दांडा सोडून दिला. देवांची माफी मागायचंही सुचलं नाही. काकांचे हात पाण्यात तसेच होते.

"पुन्हा विचारा, पाटील," ते म्हणाले. "जरा मोठ्यानं."