उलव्यातला उलटा व्हॉल्व्ह

गटाराचं पाणी आमच्या दुकानात शिरेल? शिरून तर दाखवू दे!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी हे छाती फुगवून जाहीर केलं. उलव्यात तळमजल्यावर आमचं पोळीभाजी केंद्र सुरू होत होतं. भरती आणि जोराचा पाऊस एकदम आले की आमच्या गल्लीतलं गटार तुंबतं आणि पाणी मोरीतून उलटं वर येतं. म्हणून माझी बायको अस्मिता म्हणाली, "उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवू. प्लंबरला बोलव."

"प्लंबर कशाला? मी आहे ना!"

आणि बसवला की! व्हॉल्व्हवर एक बाण होता. शत्रू बाहेरून आत येतो, म्हणजे बाणही बाहेरून आत. साधं लॉजिक!

दुसऱ्या दिवशी अस्मिताने तांदूळ धुतले, कोथिंबीर निवडली, ढीगभर भांडी घासली. रिबन कापायला आमच्या जागामालकीण गोजराबाई आल्या. आवाज असा, की समोरचा डंपरवाला हॉर्न द्यायचा थांबतो! त्यांनी कात्री उचलली आणि मोरी गुडगुडली. बघता बघता पाणी घोट्यापर्यंत!

मी धावत बाहेर गेलो आणि वर बघून ओरडलो, "कोणी नळ सोडू नका! फ्लश करू नका! तुमचं सगळं आमच्याकडे येतंय!"

बिल्डिंग जागच्या जागी थिजली. दुसऱ्या मजल्यावरचे विलासराव तोंडाला साबण फासून गॅलरीत आले. "अहो, मी आता काय करू?"

"पुसून घ्या!"

आत अस्मिताने नळ बंद केला होता, गॅस बंद केला होता, जेवणाची पातेली बाहेर पार्किंगमधल्या टेबलांवर पोचवली होती. आता ती वाकून पाण्यात काहीतरी बघत होती.

"हात लावू नकोस! लोकांची घाण आहे ती!"

"लोकांची?" ती शांतपणे म्हणाली. "हे तांदूळ माझे. हे कोथिंबिरीचे देठपण माझेच. अभय, बाहेरून काही आलेलंच नाही. आपलंच पाणी अडलंय."

बाहेर आमच्या मोरीच्या चेंबरचं झाकण काढलं. आत ठणठणीत कोरडं! गोजराबाईंनी वाकून व्हॉल्व्हवरचा बाण पाहिला.

"आरं, पानी भायेर जायाचा हाय ना? मंग तुजा बान आत कशाला?"

मी गुपचूप पाना आणून दिला. अस्मिताने नव्या साडीचा पदर खोचला, गुडघ्यावर बसली, पान्याने क्लॅम्प सैल केले आणि व्हॉल्व्ह फिरवला. पाणी असं सुसाट गेलं, जणू त्याची गाडी सुटत होती!

मग तिने कोपरापर्यंत साबणाने हात धुतले, दोन स्कूटरच्या मध्ये रिबन बांधून गोजराबाईंकडून कापून घेतली आणि पार्किंगमध्येच पंगत बसवली. एवढ्या गोंधळात तिचा आवाज एकदाही चढला नाही. माझ्यावरसुद्धा नाही! लोक आमटी मागून मागून जेवले. मी वाढता वाढता तिच्याकडेच बघत होतो, म्हणून एकाच्या भातावर श्रीखंड पडलं.

शेजारच्या दुकानाचा मानसिंग हात पुसत आला. "वहिनी, असा व्हॉल्व्ह मलापण पाहिजे. बसवायला माणूस कोण आहे?"

मी ताबडतोब हात वर केला.

"याला सोडून कोणीही!" अस्मिता आणि गोजराबाई एका सुरात म्हणाल्या.