फौजदार डोक्यावर बसला

मी मेलो तर पणदऱ्यापासून इंदापूरपर्यंत कुणाच्या घरात चूल पेटणार नाही, याबद्दल मला कधीच शंका नव्हती. माणसं जोडावीत तर मानसिंगनं, असं गावात म्हणतात. निदान मी तरी म्हणतो.

आणि माणसंच कशाला, मी कावळासुद्धा जोडलाय! त्याचं नाव फौजदार. नाव मीच ठेवलं, कारण वस्तीवर आला की आधी सगळीकडे झडती घेतो. मग म्हशीच्या पाठीवर बसून तिच्या कानातले गोचीड टिपतो. तो दिसला की म्हैस आपणहून कान खाली करते. मी कान धरला तर शिंग उगारते! आमच्या कुत्र्याची तो मागून शेपटी ओढतो आणि कुत्रं वळलं की पुढून भाकरी पळवतो. तरी दोघं दुपारी एकाच सावलीत बसतात. रोज माझ्या ताटातला पहिला तुकडा फौजदाराचा.

शहाण्णव सालातली गोष्ट. ऊसतोडीचे दिवस होते. सकाळी ओट्यावर बसून मी भाकरी खात होतो. फौजदार पत्र्यावरून उतरला आणि थेट माझ्या डोक्यावर बसला! मला गुदगुल्याच झाल्या. एवढी दोस्ती पंचक्रोशीत कुणाची आहे? मी मान ताठ धरून हाक मारली, "आई, बघ कोण बसलंय!"

आईनं बघितलं आणि तिच्या हातातली दुधाची चरवी खाली पडली.

"शिवला! माझ्या ल्येकाच्या डोस्क्याला कावळा शिवला!"

आमच्याकडे कावळा डोक्याला शिवला म्हणजे मरणाचं बोलावणं. त्यावर उपाय एकच. तो माणूस मेला, असा खोटा निरोप धाडायचा. ऐकून कुणीतरी खरंखुरं रडलं, की मरण फसतं आणि काम झालं समजून परत जातं. मग निरोप खोटा होता म्हणून कळवायचं. पण दिवस मावळायच्या आत कुणीतरी रडलंच पाहिजे!

मी हसणार होतो, पण आई सांडलेल्या दुधातच खाली बसली होती. वडील गेल्यापासून मला नुसती शिंक आली तरी ती दृष्ट काढते.

"धाडा निरोप," मी म्हणालो. "सारजाला फोन करा. इंदापूर हादरंल बघा!"

सारजा माझी बहीण, इंदापुरात दिलेली. माझी बायको सिंधू फाट्यावरच्या टेलिफोन बूथवर गेली. आईनं मला धान्याच्या खोलीत कोंडलं. मेलेल्या माणसानं अंगणात फिरून कसं चालेल!

सिंधू परतली तसं मी दाराच्या फटीतून विचारलं, "रडली का सारजा?"

"फोन दाजींनी घेतला."

"मग?"

"म्हणाले, आज ऊसतोडीची टोळी आलीया. उद्या आलो तर चालंल का?"

"आन् सारजा?"

"तिला सांगत न्हाय म्हणाले. उगं रडत बसंल!"

आईनं कपाळावर हात मारला. मी म्हणालो, "दादासाहेबाला सांग. त्यो धाय मोकलून रडंल!" दादासाहेबाचं शेत आमच्या शेताला लागून. रोजचा चहा आमचा एकत्र.

दादासाहेब धावतच आला. मागून आणखी चार-पाच जण आले.

"वन्सं आल्याबिगर खोलीचं दार उघडायचं न्हाय!" सिंधूनं सगळ्यांना बजावलं.

"अरारा! वहिनी, लई वाईट झालं," दादासाहेब म्हणाला. "सोन्यासारखा माणूस हुता." मग एक सुस्कारा. "माझा फवारणीचा पंप न्हेला हुता त्यानं. कुठं ठिवलाय?"

पंप माझ्या शेजारीच होता! मी तो दोन्ही हातांनी घट्ट आवळला.

दिवस कलला. अंगणात बिड्या पेटल्या, तंबाखू मळली गेली, टोळ्यांच्या गप्पा सुरू झाल्या. रडेना कुणीच! आई एकदा सूर्याकडे बघायची, एकदा खोलीकडे.

तेवढ्यात फौजदार आला. चहाच्या वेळी तो माझ्या हातचं, चहात बुडवलेलं बटर खायला येतो. सिंधूनं बटर भिंतीवर ठेवलं. त्यानं ढुंकून बघितलं नाही. म्हशीनं सवयीनं कान खाली केला, तिच्याकडेही गेला नाही. खोलीच्या उंबऱ्यावर उतरून त्यानं दारावर चोच आपटली. मग पत्र्यावर बसून असा ओरडला, की बाभळीवरचे झाडून सगळे कावळे गोळा झाले. बटर होतं तिथंच.

अंगणातले सगळे पत्र्याकडे बघायला लागले.

"शिवत न्हाय," कुणीतरी पुटपुटलं. "इच्छा ऱ्हायलीया त्याची!"

ना दहावा, ना पिंड! पण सगळ्यांच्या माना दादासाहेबाकडे वळल्या.

"पंप ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच!" दादासाहेबानं खोलीकडे बघून हात जोडले.

फौजदार ढिम्म.

"बरं बाबा, बांध मी फूटभर सरकवला हुता! मागं घेतो! आईशप्पत!"

आत मला नाचावंसं वाटलं. आणखी तासभर मेलेलं राहिलो तर विहिरीच्या पाण्याच्या पाळीचंही निघेल!

आणि तेवढ्यात हुंदका ऐकू आला. आई रडत होती. पदर तोंडाला लावून, हमसून हमसून.

"सकाळपास्नं तुला शिव्या दिल्या रं," ती फौजदाराला सांगत होती. "आन् माझ्या ल्येकासाठी तूच येकला उपाशी बसलास!"

एवढी माणसं जोडली, आणि उपाशी कोण राहिला, तर कावळा!

"रडलं! कुणीतरी रडलं!" ओरडत मी पंपासकट बाहेर आलो. दोघं जागेवर आडवे झाले. दादासाहेब उडी मारून गव्हाणीत! फौजदारानं मला बघितलं मात्र, आनंदानं झेप घेतली आणि बसला.

डोक्यावर!

आईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"शिवला! पुन्यांदा शिवला! सिंधू, पळ! फोन कर!"

सिंधू पळाली. दादासाहेबानं गव्हाणीतून निघून आधी माझ्या हातातला पंप काढून घेतला. बांधाचं मात्र चार माणसांत बोलून बसला होता. फौजदारानं डोक्यावर बसूनच माझ्या हातचं बटर खाल्लं आणि मग निवांत म्हशीच्या कानाकडे गेला.

सकाळचा निरोप खोटा ठरवून आणि नवा देऊन सिंधू आली तेव्हा दिवस बुडत होता.

"काय म्हणाले दाजी?"

"म्हणाले, मरायचं कधी त्ये येकदा नीट ठरवा. टोळी सारखी थांबवता येत न्हाय!"