डोंगर चढणारा दगड

दीपमालाने तिन्ही फोटो पुन्हा शेजारी शेजारी लावले. दगड चालतच होता.

बिबवेवाडीतल्या त्या लहानशा ऑफिसात एका दूरच्या जंगलाचा नकाशा तयार होत होता. तिथे वस्ती नाही, वाट नाही, नुसती झाडी आणि कडे. घरात आपण मुलांची उंची भिंतीवर खूण करून मोजतो ना, तशी डोंगराची उंची मोजायलाही एक पक्की खूण लागते. इथे ती खूण म्हणजे चुन्याने रंगवलेला पांढरा दगड. सोमवारच्या फोटोत तो ओढ्याकाठी होता. मंगळवारी खिंडीत. बुधवारी जवळजवळ माथ्याशी. ड्रोनने वरून टिपलेल्या प्रत्येक फोटोत एकच पांढरा ठिपका, रोज थोडा वर चढलेला. भोवतीचा पाचोळा मात्र जराही विस्कटलेला नव्हता.

आज शुक्रवार. नकाशा पाचपर्यंत गेला, तरच दीपमालाची नोकरी कायम होणार होती. चार वाजले होते.

"सर, दगड हलतोय."

"मग त्याची हजेरी लावा," अभय सर मान वर न करता म्हणाले. "ऑफिसात कुणीतरी हलतंय, हेही नसे थोडके."

दगड रंगवणारे महिपतीकाका कालच जंगलातून परतले होते. तिने त्यांना बोलावलं.

"काका, दगड किती रंगवलेत?"

"तीन. रोज एक."

"अहो, एकच रंगवायचा होता!"

"ताई, कामाआधी नारळ फोडला, काम झाल्यावर दगडाला शेंदूर फासला. द्येव झाला की त्यो! दुसऱ्या दिशी त्याच्या डोक्यावर मोजणीचं यंत्र ठिवू व्हय? म्हून वरच्या अंगाला नवा दगड."

शेंदूर फासलेले जुने दगड फोटोत तांबड्या मातीत मिसळून गेले होते. दीपमालाला हसूच फुटलं. तिन्ही दगड वेगळे धरल्याबरोबर सगळ्या उंच्या जुळल्या.

साडेचारला गुरुवारचा फोटो आला. ऐन माथ्यावर पांढरा ठिपका.

"हा कधी रंगवलात?"

काकांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "म्या बुधवारीच खालच्या गावात उतरलो. चुन्याचा डबा बी माझ्या पिशवीत हाय."

"मग काल वर कोण होतं?"

"कोणच नाय. ड्रोन बी खालच्या गावातनंच उडवलं."

अभय सरांनी टेबलाखाली हळूच बूट काढले.

"सर, नकाशात काय दाखवू?"

"देवळं. चार."

"आणि खाली 'तपासले' म्हणून सही लागते. कायम नोकरीतल्या माणसाची. म्हणजे तुमची."

सरांनी खणातून तिच्या कायम नेमणुकीचं पत्र काढलं, घाईने त्यावर सही केली आणि नकाशा तिच्यापुढे सरकवला.

"अभिनंदन. आता तुम्हीच करा."