सांगणारीचा वाटा

दुपारचे दोन वाजले की अंबुबाईंच्या खोलीतला पंखा बंद व्हायचा आणि टीव्ही चालू व्हायचा. पंखा बंद करायचं कारण तंबाखू. वारा लागला की ती सुपातून उडते, डोळ्यांत जाते, आणि भिजवलेली पानंही वाळून कडक होतात. म्हणून कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत ऐन चैत्रातसुद्धा बायका घामाने निथळत विड्या वळत बसतात. टीव्ही चालू व्हायचं कारण मात्र डिटेक्टिव्ह टिपणीस.

टिपणिसांना या घरात कुणी मुद्दाम आणलं नव्हतं. आधी तिथे सासवा-सुनांची एक मालिका चालायची. एके दिवशी रिमोट पानं भिजवायच्या बादलीत पडला. काढून पुसला, उन्हात ठेवला, तरी आवाजाच्या बटणापलीकडे त्याने काही ऐकलं नाही. टीव्ही ज्या वाहिनीवर अडकला, तिथे दुपारी दोनला टिपणिसांची जुनी मालिका पुन्हा दाखवत. पहिल्या दिवशी अंबुबाई आणि त्यांच्याकडे विड्या वळायला येणाऱ्या दोन शेजारणी, अशा तिघी कुरकुरल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातल्या ईरम्माने विचारलं, "त्या ड्रायव्हरच्या बुटाला चिखल कसा गं लागला? पाऊस तर न्हवता की." तिसऱ्या दिवशी समोरची अनवरी पावणेदोनलाच सूप काखेत मारून हजर झाली. पुढे अंबुबाईंचा मुलगा धोंडीराम पुण्याहून आला, तेव्हा त्याने नवा रिमोट आणला. अंबुबाईंनी तो होता तसा, वेष्टणासकट, डाळीच्या डब्यामागे ठेवून दिला.

टिपणीस दिसायला काही विशेष नव्हते. टक्कल, किंचित बाहेर आलेलं पोट, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायची सवय. पण शेवटच्या पाच मिनिटांत ते घरातल्या सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करायचे आणि शांतपणे म्हणायचे, "तोंडाचं राहू द्या. हात दाखवा." मग कुणाच्या नखात रंग निघायचा, कुणाच्या तळव्यावर दोराचा वळ. ज्यांचं पोटच हातावर, त्या तिघींना हे फार पटलं. एखाद्या बाईची विडी नुसती गाठ बघून ओळखणाऱ्या त्या. तोंडापेक्षा हात खरे, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

अडचण एकच होती. ईरम्मा अक्कलकोटाकडची, घरात कानडी बोलणारी. टिपणिसांची भरभर मराठी तिला निम्मी कळायची. अनवरीला डोळ्यांमुळे दाराचा उजेड लागायचा, म्हणून ती टीव्हीकडे पाठ करून बसायची. तेव्हा पडद्यावर काय चाललंय ते सांगायचं काम अंबुबाईंकडे आलं.

"आता काय करतोय त्यो?" अनवरी विचारायची.

"कपाट उघडतोय. पुतण्या घामाघूम झालाय बघ. पर त्यो न्हाय मारणारा."

"मग कोण गं अक्का?" ईरम्मा.

"थांब की. टिपणिसाला तरी कळू दे."

सांगता सांगता अंबुबाईंना नरसम्मा आठवायची. पन्नास वर्षांपूर्वी त्या शहरातल्या कारखान्यात जायच्या, तेव्हा लांबलचक पडवीत साठ-सत्तर बायका ओळीने बसायच्या. त्यांत अक्षरओळख असलेली एकटी नरसम्मा. ती मध्ये बसून रहस्यकथा वाचायची आणि बाकीच्या वळायच्या. वाचणारीला वळता येत नाही, म्हणून तिचा वाटा ऐकणाऱ्यांनी वळून द्यायचा, असा तिथला रिवाज. प्रत्येकीने आपल्या सुपातल्या मूठभर विड्या तिच्या सुपात टाकायच्या. कारखान्याच्या कुठल्या पाटीवर हे लिहिलेलं नव्हतं, पण मोडलं कधी कुणी नाही. फार पुढे, नरसम्मा गेल्यावर, ती पुस्तकं अंबुबाईंनी हातात घेतली. सगळी रद्दीतली. बहुतेकांची शेवटची पानं गायब. मग इतकी वर्षं नरसम्मा शेवटी सांगायची ते खुनी कुठून आले, हे विचारायला ती उरली नव्हती. ही हकिगत अंबुबाईंनी दोघींना किती वेळा सांगितली असेल, त्याचा हिशेब नव्हता.

अंबुबाईंचं वय आता सदुसष्ट. कारखान्यात माल तपासून घेणाऱ्या चेकर श्रीशैलने दिवाळीनंतर एकदा त्यांच्या विड्यांच्या जुड्या हातात घेऊन मान हलवली होती. "मावशी, गाठी ढिल्या लागाल्यात. असंच चाललं तर मॅनेजरसायब कार्ड बंद करा म्हणतील. मग माझ्या हातात काय न्हाय."

कार्ड बंद म्हणजे काम बंद, आणि काम बंद म्हणजे पुणे. धोंडीरामने ते कधीच ठरवून टाकलं होतं. "काम सुटलं की लगेच यायचं आई. एकटी कशाला राहतीस तिथं?" त्याचं घर आठव्या मजल्यावर. मुलगा चांगला, सूनही चांगली, पण तिथे दार लावून घेतलं की दुपार संपत नाही. तिथे कोण विचारणार, आता काय करतोय त्यो?

पण त्यानंतर हात पुन्हा सुधारला, असं अंबुबाईंना वाटत होतं. संध्याकाळी जुड्या बांधायला बसल्या की माल पुरा भरायचा, गाठीही बऱ्या निघायच्या. "अजून दम हाय बोटांत," असं त्या स्वतःशी म्हणायच्या.

आणि मग एका दुपारी, टिपणीस माळ्यावर चढत असताना, त्यांचं सहज आपल्या पानांकडे लक्ष गेलं. कापलेली पानं त्या ओल्या गोणपाटाखाली ठेवत. चळत अर्धी झाली होती. अंबुबाईंना तर गेल्या अर्ध्या तासात चार-सहा पानं उचलल्याचंच आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नजर पडद्यावर ठेवली आणि मन गोणपाटावर. अनवरीचं सूप त्यांच्या सुपाला अगदी टेकून होतं. डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्यांना दिसलं. अनवरीचा हात बाजूने गोणपाटाखाली गेला आणि पानं घेऊन परत आला.

त्या रात्री त्या मनात हिशेब मांडत बसल्या. वीस वर्षांपासूनची शेजारीण. ईदचा शीरखुर्मा आधी यांच्या घरी येणार, यांचं पुरण आधी तिच्या घरी जाणार. पानं चोरीला गेली तर माल कमी पडणार, माल कमी पडला तर कार्ड जाणार. म्हणजे अनवरी आपल्याला पुण्याला धाडायला निघाली? आता पानं चोरीला जातात तर संध्याकाळी माल पुरा कसा भरतो, हा प्रश्न टिपणिसांनी पहिल्या मिनिटाला विचारला असता. पण त्याचं उत्तर अंबुबाईंकडे तयार होतं, आणि ते उत्तर त्यांना फार आवडत होतं. आपला हात.

सकाळी त्यांनी ईरम्माला नळावर गाठलं. "ईरम्मा, माजी पानं कोन तरी नेतंय."

ईरम्माची घागर भरून वाहू लागली. "मांजर असंल अक्का."

"मांजर विड्या वळती व्हय?"

"उंदीर मग," असं म्हणून ईरम्मा अर्धी घागर सांडत घरी पळाली. अंबुबाईंनी मनात नोंद केली. टिपणीस म्हणतात ना, विचारण्याआधी उत्तर देतो तो गुन्ह्यात असतो. म्हणजे दोघी सामील.

मग त्यांनी सापळा लावला. पानं कापून झाल्यावर चळतीतल्या खालच्या पानांच्या पाठीला हळद चोळली. वरचे थर तसेच ठेवले. स्वतः फक्त तेवढेच घ्यायचे. अनवरीला जवळचं नीट दिसत नाही आणि ईरम्माची नजर पडद्यावरून हलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी मिठाईवाल्या शेठच्या खुनाचा भाग होता. अंबुबाईंनी नेहमीपेक्षा जास्त रंगवून सांगितलं. पुतण्या, कारखान्यातला मॅनेजर, शेठचा वकील, सगळ्यांचे चेहरे वर्णन केले. शेवटी टिपणिसांनी चष्मा पुसला, सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं, आणि ते तोंड उघडणार एवढ्यात अंबुबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. रिमोटला तेवढं अजून जमत होतं.

"अगं अगं, बंद काय करती?" अनवरी वळली. "आता तर नाव घेणार की त्यो."

"तोंडाचं राहू द्या," अंबुबाई म्हणाल्या. "हात दाखवा."

दोघी हसल्या. मग अंबुबाईंचा चेहरा बघून हसायच्या थांबल्या. हात पुढे आले. तंबाखूच्या काळपट डागांवर चार हातांची बोटं पिवळीजर्द.

"हळद हाय ती. माज्या पानांना लावलेली." अंबुबाईंनी गोणपाट बाजूला सारलं. "इतक्या वर्सांत मीठ कमी पडलं तर मागून नेलं, साखर मागून नेली. पानंपन मागायची हुती. कार्ड जातंय माजं, कळत न्हाय तुमाला?"

अनवरीने बोटं एकमेकांवर घासून पाहिली. ईरम्मा म्हणाली, "अय्यो."

"पानं न्हेली, तर विड्या कुटं हायत? दाव सूप तुजं."

अनवरीने आपलं सूप पुढे सरकवलं. अंबुबाईंनी चष्मा लावून एकेक विडी बघितली. हळदीचा मागमूस नाही. ईरम्माचं सूप उपसलं. तिथेही नाही.

"तुज्या सुपात बघ अक्का," ईरम्मा हळूच म्हणाली.

अंबुबाईंनी आपल्या सुपात हात घातला. वरच्या विड्या त्यांच्या, ढिल्या गाठीच्या. खाली सगळ्या पिवळ्या. त्यांनी एक उचलली. दोऱ्याला दुहेरी पीळ, ही अनवरीची गाठ. दुसरी उचलली. तोंडाची घडी तिरकी, ही ईरम्मा. हात ओळखायला त्यांना कुणाची गरज नव्हती. चार महिने रोज संध्याकाळी याच विड्यांच्या जुड्या त्यांनी स्वतः बांधल्या होत्या. फक्त गाठ कुणाची ते बघितलं नव्हतं.

टीव्हीवर टिपणीस बिनआवाजाचे बोलत होते. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"कवापासून?" अंबुबाईंनी विचारलं.

"दिवाळीपासून," अनवरी म्हणाली. "त्या चेकरनं तुला बोललं तवापासून. सांगाया लागली की तुजे हात थांबतेत, अंबुबाई. तुला कळत न्हाय. अर्धा अर्धा घंटा पान हातात धरून बसती."

"म्हून माजं काम करायलाव व्हय? भीक घालता?"

"भीक कशाची? नरसम्माला भीक घालत हुता काय तुमी?" अनवरी आता चिडली होती. "तूच सांगती की. सांगणारीचा वाटा ऐकणारीनं वळायचा. मला टीव्ही दिसत न्हाय, हिला कळत न्हाय. तू न्हाई सांगितलं तर आमी कशाला बसायचं हितं उकाड्यात?"

"पर मी कुटं सांगते? टीव्ही सांगतोय."

"टीव्ही लई वंगाळ सांगतोय," ईरम्मा म्हणाली. "तू चांगलं सांगती."

 बोटांची चाल निम्म्यावर आली, हे अंबुबाईंना एकीकडे गिळायला जड जात होतं. दुसरीकडे पन्नास वर्षांनी आपण नरसम्माच्या जागेवर जाऊन बसलो आणि आपल्यालाच पत्ता नाही, याचं नवल वाटत होतं.

तेवढ्यात अनवरीला भलतंच सुचलं. "आणि ह्या पिवळ्या विड्या उद्या कारखान्यात कशा द्यायच्या गं?"

तिघींनी फडकं ओलं करून पुसून पाहिलं. हळद पुसली तशी पसरली. ज्या विड्या पांढऱ्या दोऱ्याच्या होत्या त्यांचा दोराही पिवळा झाला. संध्याकाळी धोंडीरामचा फोन आला. "आई, हात चालतात का अजून?" "चालत्यात की," अंबुबाई म्हणाल्या. किती, ते सांगितलं नाही.

सकाळी रांगेत तिघी पाठोपाठ उभ्या राहिल्या. श्रीशैलने अंबुबाईंची पहिली जुडी उचलली, उजेडात धरली, वास घेतला.

"मावशी, ह्याची फोडणी दिली का काय?"

मागून कुणीतरी खुसखुसलं. अंबुबाईंनी मान खाली घातली. आता पुणे, आठवा मजला. श्रीशैलने जुडी सोडली, एकेक गाठ बघितली, पुन्हा बघितली. मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला.

"तोंडाचं राहू द्या," तो म्हणाला. "हात दाखवा."

मागच्या दोघींनीही न सांगता हात पुढे केले. सहाही हातांची बोटं पिवळी होती. श्रीशैलने ते आळीपाळीने बघितले. मग इकडेतिकडे नजर टाकून पुढे वाकला.

"काल ऑफिसात बघत हुतो. ऐन शेवटाला मॅनेजरसायबांनी बोलावलं. शेठला कोन मारलं हो मावशी?"

अंबुबाईंनी अनवरीकडे पाहिलं. अनवरीने ईरम्माकडे. तिघींनाही माहीत नव्हतं. शेवटची पाच मिनिटं आवाज बंद होता, आणि पडद्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"वकील," अंबुबाई म्हणाल्या.

"वकील? त्यो तर गावाला गेला हुता की."

"तसं दावलं त्यानं." अंबुबाईंनी मालाच्या पाटीच्या कडेला हात टेकला. "मिठाईच्या पुड्याला दोरा बांधलेला हुता, ध्यानात हाय? दुकानात सगळे उजव्या हातानं गाठ मारणारे. ह्या पुड्याची गाठ उलटी. टिपणिसानं पुडा हातात घेतला, असा फिरवला, आन् म्हनला..."

त्या सांगत गेल्या. वकिलाला पूर्वीचं एक दुःख दिलं, त्याच्या आईला एक जुनं दुकान दिलं, शेवटी त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं. रांग पुढे सरकून कान देऊ लागली. श्रीशैलचे डोळे अंबुबाईंच्या तोंडावर होते आणि हात आपल्या सवयीने चालला होता. जुड्यांमागून जुड्या तो न बघता पास झालेल्या मालात टाकत होता.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ईरम्माने विचारलं, "खरंच वकील हुता गं अक्का?"

"मला काय म्हाईत."

अनवरी थबकली. "अगं, इतवारी सकाळी त्योच भाग परत लागतो. श्रीशैल बघंल की घरी."

 अंबुबाई पदराने बोटं पुसत म्हणाल्या, "इतवारी त्याला आपल्याकडंच बोलवू बघायला. मी बसते शेजारी."