बिनछपराची हिरवी गाडी

डॉक्टरांचा असा ठाम समज होता, की जगात कोणालाही कोणतीही गोष्ट पटवून देता येते. समोरच्याने फक्त तोंड उघडं ठेवलं पाहिजे. ते दातांचे डॉक्टर होते. चोवीस वर्षं माणसांच्या तोंडात हात घालून ते बोलत आले होते. हवामान, मुलांचं शिक्षण, रस्त्यावरचे खड्डे, विषय कुठलाही असो, खुर्चीतला माणूस "आं" नाहीतर "अंहं" म्हणे, आणि दोन्हीचा अर्थ डॉक्टर "अगदी बरोबर" असाच घेत. आपण वादात कधी हरत नाही असं त्यांना वाटू लागलं, त्यात नवल ते काय!

घरची गोष्ट निराळी होती. त्यांची बायको लिफ्टची तपासनीस होती. शहरातली कुठली लिफ्ट चालू ठेवायची आणि कुठलीला टाळं ठोकायचं, ते तिच्या सहीवर ठरे. टॉर्च घेऊन ती लिफ्टच्या टपावर चढायची, दोर, ब्रेक, खटके एकेक करून बघायची आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायची: का? हा एकच बोल्ट नवा का? हा आवाज उतरतानाच का येतो? कचेरीत तिला पाठीमागे 'चौकशी खिडकी' म्हणत. आणि तिचे दात इतके ठणठणीत, की डॉक्टरांच्या खुर्चीत बसायची वेळ तिच्यावर एकदाही आली नव्हती.

त्या वर्षी दवाखान्यात एक ट्रम्पेटवाले काका येऊ लागले. आयुष्यभर बँडमध्ये वाजवलं, आता समोरचा दात हलत होता. एका दुपारी डॉक्टर त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. फाटकाशी एक गाडी होती. गडद हिरवी, बुटकी, डोक्यावर छप्पर नसलेली. पन्नास वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार. एखादं मांजर उडी मारायच्या आधी दबून बसतं तशी ती रस्त्याला चिकटून बसली होती.

"विकायची आहे," काका म्हणाले. "बसायला रस्त्यावर जवळजवळ आडवं व्हावं लागतं. आता गुडघे ऐकत नाहीत. बसून बघा की."

डॉक्टर बसले. दहा मिनिटांनी आतून पेशंटने हाक मारली तेव्हा उठले. रविवारपर्यंत कळवतो, असं त्यांनी काकांना सांगितलं, आणि त्याच क्षणी बायकोला पटवायची मोहीम मनात सुरू झाली.

मोहीम अशी होती. बायकोसमोर एक भाषण करायचं; पण सुई आधी दाखवायची नाही, हा धंद्यातला पहिला नियम. म्हणून 'गाडी' हा शब्द अगदी शेवटी. आधी जुन्या वस्तूंचा भक्कमपणा, मग या वयातली मोकळी हवा, मग दोघांनी एकत्र घालवायचा वेळ. भाषण घोटून घ्यायला खुर्चीत माणसं होतीच. सोमवारपासून गुरुवारपर्यंत तेरा जणांनी ते ऐकलं. तेराही जण "आं" म्हणाले. डॉक्टरांचा आत्मविश्वास वरच्या मजल्यावर जाऊन पोचला.

शुक्रवारी दवाखान्यात सासूबाई आल्या. त्या लेक-जावयाकडेच राहत, आणि त्यांना नव्या कवळीचं माप द्यायचं होतं. डॉक्टरांनी मापाचा लगदा त्यांच्या तोंडात बसवला.

"आई, तीन मिनिटं अजिबात हलायचं नाही," ते म्हणाले, आणि तीन मिनिटं फुकट का घालवा म्हणून सुरू झाले. "एक गोष्ट ठरवतोय. तुमच्या लेकीला अजून सांगितलेली नाही. पन्नास वर्षांची जुनी आहे, पण खालून भक्कम. जागा दोघांपुरतीच. डोक्यावर छप्पर नाही, पण मजा त्यातच आहे. इतकी वर्षं सगळ्यांचं केलं, आता आम्ही दोघांनीच जरा मोकळं व्हावं म्हणतो."

सासूबाईंचे डोळे मोठे झाले. त्यांनी हात हलवला. लगद्याने मळमळत असेल असं समजून डॉक्टरांनी त्यांचा हात थोपटला. मग तीन मिनिटं झाली, फोन वाजला, आणि शेवटचा शब्द राहूनच गेला.

सासूबाईंनी चूळ भरली. त्या मानी बाई होत्या.

"कधीपर्यंत ठरायचंय?" त्यांनी एवढंच विचारलं.

"रविवारपर्यंत."

"बरं," म्हणाल्या आणि पर्स उचलून निघून गेल्या. सासूसुद्धा आपल्या बाजूने झाली, या आनंदात डॉक्टरांनी पुढच्या पेशंटचा भलताच दात ठोकून पाहिला.

संध्याकाळी ते शीळ घालत घरी पोचले. दारातच सासूबाईंची बॅग, वर त्यांची छत्री. आत मेव्हणा बूट न काढता बसला होता. खालच्या मजल्यावरचे शिंपी हातात टेप घेऊन हॉलच्या खिडकीचं माप घेत होते. बायको मधोमध उभी होती आणि काहीच विचारत नव्हती. डॉक्टरांना सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटली.

"भाऊजी, आईला घेऊन जायला मी आलोय," मेव्हणा म्हणाला. "माझ्याकडे तिला काही कमी पडणार नाही. पण घर विकताना एका शब्दाने सांगायला काय झालं होतं?"

"कोणाचं घर?"

"हेच," शिंपी खिडकीवरून म्हणाले. "जिन्यात आजींकडून कळलं. माझ्या भावाला हवंय, डॉक्टर. दुसऱ्या कोणाला शब्द देऊ नका. पडद्याला कापड किती लागेल तेवढं बघतोय."

"मी घर विकत नाहीये," डॉक्टर म्हणाले.

"मग ती खोली?" सासूबाई आतून आल्या. "पन्नास वर्षांची, छप्पर नसलेली, दोघांपुरती? माझ्या तोंडात लगदा होता, कानात नव्हता."

डॉक्टरांनी समजावायला सुरुवात केली आणि त्यांच्या लक्षात आलं, की इथे सगळ्यांनाच बोलता येतं. प्रत्येक वाक्याला तिघांचे तीन प्रश्न. शेवटी भाषण बाजूला ठेवून ते म्हणाले, "गाडी आहे हो. गाडी."

शिंप्यांनी खिडकीवरचा टेप खाली घेतला.

"गाडीत राहायला जाणार?" सासूबाईंनी विचारलं.

उलगडा व्हायला अर्धा तास गेला. शिंपी टेप गुंडाळून हिरमुसले होऊन खाली गेले. मेव्हण्याने बूट काढले आणि चहा मागितला. डॉक्टरांनी सासूबाईंची बॅग स्वतः उचलून त्यांच्या खोलीत नेली.

"आई, चुकलो. तुम्ही गेलात तर या घरात माझं ऐकून कोण घेणार?"

"आज ऐकलं तेवढं पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या. पण छत्री त्यांनी खुंटीला अडकवली.

बायको स्वयंपाकघरात होती. डॉक्टर दाराशी उभे राहिले.

"किती जणांना सांगितलंत?" तिने विचारलं.

"आई धरून चौदा."

"म्हणजे ज्यांना उत्तर देता येत नव्हतं अशा चौदा जणांना सांगितलंत. मला नाही."

मोहिमेत हा मुद्दा धरलेलाच नव्हता. डॉक्टर आत आले आणि त्यांनी गाळणी तिच्या हातात दिली. चहा गाळून झाल्यावर ती म्हणाली, "इंजिन पुढे आहे की मागे?"

"काय?"

"गाडीचं. आणि छप्पर नाही, तर पाऊस आला की आतलं पाणी जातं कुठून?"

डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. तिने आणखी सात प्रश्न विचारले. सगळे झाल्यावर असं दिसलं, की ज्या गाडीसाठी डॉक्टर आठवडाभर झुरत होते तिच्याबद्दल त्यांना एकच गोष्ट खात्रीने माहीत होती: ती हिरवी होती.

रविवारी दोघं ट्रम्पेटवाल्या काकांकडे गेली. बायकोने कामाचा डगला घातला, टॉर्च घेतला आणि सतरंजी पसरून ती गाडीखाली शिरली. पाऊण तास नुसते पाय दिसत होते.

"बाई शोधतायत तरी काय?" काकांनी हळूच विचारलं.

"कारण," डॉक्टर म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा कपाळावर ग्रीसचा पट्टा होता. "सांगाडा दोन ठिकाणी गंजलाय. ब्रेकचा पाइप आज तुटेल की उद्या, सांगता येत नाही. लिफ्ट असती तर आत्ताच्या आत्ता टाळं लावलं असतं." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला ही का हवी आहे?"

डॉक्टरांना भाषणातलं एकही वाक्य आठवेना. ते गाडीच्या दारावर हात ठेवून म्हणाले, "चोवीस वर्षं मी एका खोलीत वाकून उभा आहे. वर बघितलं की दिवा. त्या दिवशी हिच्यात बसलो आणि वर बघितलं तर आभाळ होतं. खरं सांगायचं तर एवढंच. बाकीचं सगळं मी नंतर जोडलं."

तिने टॉर्च खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं. एखाद्या ओळखीच्या लिफ्टने अचानक नवाच आवाज काढल्यावर बघावं, तसं.

"हे सोमवारी सांगता आलं नसतं?"

"पटलं असतं?"

"माहीत नाही. पण तुमच्याबद्दल मला काहीतरी नवीन कळलं असतं." ती पुन्हा गाडीकडे वळली आणि बॉनेट वर केलं. आत वाकून बघता बघता तिचा आवाज बदलला. "अहो, हे बघा. ही नळी इथून फिरवून का नेली असेल? इतका वळसा कशाला?" डॉक्टर वाकले. काका वाकले. कोणालाच सांगता येईना.

"घेऊ या," ती बॉनेटमधूनच म्हणाली. "पण आधी मी ती पूर्ण उघडून बघणार. तोपर्यंत कोणी चालवायची नाही."

डॉक्टरांनी लगेच मान हलवली. पूर्ण उघडून म्हणजे किती, हे त्या भरात त्यांनी विचारलं नाही.

सात महिन्यांनंतर एका समारंभात डॉक्टरांना त्यांचा कॉलेजातला जुना दोस्त भेटला. तोही दातांचाच डॉक्टर. त्याने सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली.

"ऐकलं की स्पोर्ट्स कार घेतलीस. वहिनींनी हो म्हटलं? कमाल आहे. पळते किती ते सांग."

आजूबाजूची चार माणसं वळून बघू लागली. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"वेगाचा अजून नीट अंदाज आलेला नाही," ते म्हणाले. "इंजिन सध्या जेवणाच्या टेबलावर आहे, आणि चाकं आमच्या पलंगाखाली. हॉर्न मात्र झकास वाजतो."